पोलादावरील रंगाचें आयुष्य

पावसाळा तोंडावर आला, कीं सोलापुरांत जिन्याच्या कठड्यांना व टाकीखालच्या लोखंडी सांगाड्यांना रंग देण्याची घाई होते. "किती वर्षें टिकेल?" या प्रश्नाला रंगारी बिनदिक्कत एक आकडा सांगतो. पण सोलापूरला पिण्याचें पाणी पुरविणाऱ्या, १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या पोलादी दरवाजांविषयीं तोच प्रश्न विचारला, तर एका आकड्यानें भागत नाहीं.

कारण अशा एकाच दरवाजावरील रंगाला निरनिराळीं आयुष्यें असतात. वरचा भाग उन्हांत तापतो. तेथें रंगांतील राळ झिजून हाताला खडूसारखी पूड लागते. तळाचा भाग पाण्यांत बुडालेला राहतो. पाण्याच्या रेषेजवळ मात्र ओल आणि प्राणवायु दोन्ही मुबलक. गंज बहुधा तेथूनच शिरतो. म्हणून अंदाज करावयाचा तो सर्वांत दुबळ्या जागेवरून.

हवेची परीक्षा साध्या पोलादाचा तुकडा वर्षभर उघड्यावर ठेवून करतात. कोरड्या, स्वच्छ हवेंत तो २५ मायक्रोनांहूनही कमी झिजतो. खाऱ्या समुद्रकांठीं ८० ते २०० मायक्रोन. (मायक्रोन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) हवेंतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली, कीं गंजाचा वेग वाढूं लागतो. या दृष्टीनें सोलापूर मुंबईपेक्षां भाग्यवान खरें.

प्रयोगशाळेंत रंगविलेला पत्रा मिठाच्या धुक्यांत ठेवतात. पण "इतके तास म्हणजे इतकीं वर्षें" हें त्रैराशिक फसवें आहे. त्या पेटींत ना ऊन, ना रात्रीचें दंव. आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१८ च्या आवृत्तींत टिकाऊपणाचे चार गट आहेत: ७ वर्षांपर्यंत, ७ ते १५, १५ ते २५ आणि त्याहून अधिक. ही मुदत पहिल्या मोठ्या डागडुजीपर्यंतची असून ती हमी नव्हे, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे.

खरा घोळ रंगाखालीं असतो. देवाला लावतात तो शेंदूर म्हणजे शिशाचें भस्म. तेंच तेलांत खलून पोलादाला पहिला हात देण्याची चाल जगभर होती. अर्धवट घासलेल्या पृष्ठभागावरही तो तग धरी. शिसें विषारी, म्हणून ती चाल मागें पडली. नवे रंग मात्र अस्वच्छ पोलादाला क्षमा करीत नाहींत.

धारदार कडांवरून ओला रंग ओसरतो व थर तेथें पातळ राहतो. तेव्हां गंज काढल्यावर कडा, सांधे व बोल्ट यांना आधीं एक जादा हात द्यावा, आणि पावसाळा संपतांच प्रथम त्याच जागा तपासाव्या.