अर्जातली रिकामी वर्षे

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण आरोग्यावर नाहीतर पाककलेवर व्याख्यान ठेवतो. यंदा नोकरीच्या अर्जावर बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा हा रुक्ष विषय कोण ऐकणार, अशी मला शंका आली होती. पण गेल्या वर्षभरात आपल्यापैकीच सहा-सातजणी "जरा आमचा बायोडेटा बघता का?" म्हणून माझ्या दाराशी येऊन गेल्या आहेत. एका कारखान्याच्या कचेरीत भरतीचे काम मी एकवीस वर्षे केले. तिथे जे पाहिले तेच आज सांगते.

हा 'बायोडेटा' शब्द आपल्याकडे लग्नालाही चालतो आणि नोकरीलाही, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. उंची, वर्ण, रक्तगट, भाऊ किती, त्यांतले विवाहित किती, अशी सारी माहिती मी नोकरीच्या अर्जात वाचलेली आहे. एका अर्जात तर गोत्र आणि नाडीही होती! हिशेबनीस नेमणाऱ्याला नाडी घेऊन काय करायचे? आपले नाव, पत्ता, फोन, कोणते काम येते, ते कुठे व किती वर्षे केले आणि शिक्षण. एवढे एका पानात बसते, फार तर दोन. टेबलावर शंभर अर्ज पडलेले असतात. एकेकाला मिनिटभर मिळाले तरी पुष्कळ. म्हणून महत्त्वाचे ते वरच्या अर्ध्या पानात यावे.

खरी अडचण पुढे आहे. लग्न, बाळंतपणे, सासूबाईंचे आजारपण यांत दहा-पंधरा वर्षे निघून जातात, आणि अर्ज लिहायला बसले की त्या वर्षांपाशी हात अडतो. कोणी 'गृहिणी' एवढाच शब्द लिहून मोकळ्या होतात, कोणी ती वर्षे गाळूनच टाकतात. गाळलेली वर्षे वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरतात, आणि मग तो नसत्या शंका काढीत बसतो. हल्ली 'होम मॅनेजर' असे भारदस्त नाव देण्याची एक टूम निघाली आहे. मला ती मुळीच पसंत नाही. वाचणारा हसतो आणि पान उलटतो.

मग लिहावे काय? आमच्या शेजारच्याच एका बाईंचे सांगते. यजमान अंथरुणाला खिळले, मुलगा बारावीत, घराचे हप्ते डोक्यावर, आणि यांचे वय चव्वेचाळीस. 2001 साली बी. कॉम. झालेल्या, लग्नाआधी दोन वर्षे एका दुकानात जमाखर्च लिहिलेला. त्यांनी आणलेल्या कागदावर होते, "मी होतकरू, कष्टाळू व प्रामाणिक असून संधी दिल्यास तिचे सोने करीन." ही विशेषणे प्रत्येक अर्जात असतात, म्हणून ती कोणी वाचीत नाही. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "तुमच्या सोसायटीचे हिशेब कोण लिहिते?" त्या म्हणाल्या, "मीच. पण ते काय, घरचेच काम!"

त्या घरच्या कामाची आम्ही मोजदाद केली. अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांची दरमहा वसुली, पावत्या, बँकेच्या खात्याशी ताळा घालणे, हिशेबतपासनिसापुढे कागद मांडणे, आणि हे सारे सलग पाच वर्षे. अर्जात आम्ही अगदी तेवढेच लिहिले. पुढे कंसात 'मानद' घातले, कारण पगार नव्हता तो नव्हता. सोसायटीच्या चिटणिसांचे नाव त्यांना विचारून खाली दिले. बाकीच्या वर्षांसाठी एकच ओळ लिहिली: 'या काळात कौटुंबिक जबाबदारीमुळे पूर्णवेळ नोकरी केली नाही.' रडगाणे नाही आणि क्षमायाचनाही नाही. तीन महिने वर्गाला जाऊन त्या टॅली शिकल्या, तेही जोडले. एकतीस ठिकाणी अर्ज गेले, चार ठिकाणांहून बोलावणे आले, आणि औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे काम मिळाले. पगार मनासारखा नाही; पण हप्ता त्यातून जातो.

एकतीस हा आकडा मुद्दाम सांगितला, कारण आपल्या बायका तीन नकारांनी घरी बसतात.

कामाचा हेतू नेमका सांगण्याबद्दल मला नेहमी आनंदीबाई जोशी आठवतात. 1883 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. ते नोकरीचे नव्हते, पण अर्जच होता. स्वकीयांचा आणि जातीचा विरोध पत्करून आपण आलो आहोत, आणि आपल्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात म्हणून हे शिक्षण हवे आहे, असे त्यांनी सरळ मांडले. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या.

आता एक कटकटीची गोष्ट. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारकार्डावर सासरचे. कुणाचे तर लग्नात पहिले नावही बदललेले. नोकरी मिळाल्यावर कागद तपासताना इथे गाडे हमखास अडते. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. पहिलेच नाव बदलले असेल तर राज्याच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेता येतो. अर्जात प्रमाणपत्रावरचे नाव लिहून त्यापुढे विवाहानंतरचे नाव द्यावे.

पूर्वी वर्तमानपत्रातली जाहिरात कापून ठेवीत असू. 1997 साली नोकरी डॉट कॉम आले, 2003 साली लिंक्डइन; केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस 2015 पासून आहे आणि तिथे नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणकाच्या चाळणीतून जातात. ही चाळणी शब्द शोधते. जाहिरातीत 'स्टॉक रजिस्टर' म्हटले असेल आणि ते काम तुम्ही खरोखर केले असेल, तर तोच शब्द वापरा. वेलबुट्टीच्या चौकटी नकोत, यंत्राचा त्यात गोंधळ होतो. एमएस-सीआयटी झाले असेल तर अवश्य लिहा. आणि कृपा करून फोन नंबर स्वतःचा द्या! यजमानांचा नंबर दिला की बोलावण्याचा फोन त्यांना भर मीटिंगमध्ये येतो, आणि संध्याकाळी घरी येईपर्यंत ते विसरलेले असतात.

नोकरी देण्याआधी जो पैसे मागतो, मग ती नोंदणी फी असो, गणवेशाची असो की प्रशिक्षणाची, त्याचा फोन तिथेच ठेवून द्यावा. घरबसल्या टायपिंगच्या नावाखाली आपल्या गल्लीतही पैसे गेलेले आहेत.

येत्या शनिवारपासून दुपारी तीन ते पाच मी मंडळाच्या खोलीत बसणार आहे. येताना दहावीपासूनची प्रमाणपत्रे, विवाहाचा दाखला आणि एक कोरी वही आणा. वहीत आधी एवढेच लिहून आणा की गेल्या दहा वर्षांत कोणकोणती कामे तुमच्यावाचून अडली असती. इंग्रजीची चिंता नको. ते आपण दोघी मिळून नंतर पाहू.