घराचे खण मुलांनी मोजावेत

चोळीचा खण आपल्याला ठाऊकच आहे. पण घरालाही खण असतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. जुनी माणसं घर फुटांत सांगत नसत, ‘पाच खणांचं घर’ म्हणत. आपल्या मुलांच्या कानावर हा शब्द पडत नाही. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गटातल्या बायांनी आठवी ते दहावीच्या मुलामुलींना पुण्याला नेलं.

आधी गेलो विश्रामबाग वाड्यात. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी तो १८०७ साली बांधला. दर्शनी बाजूचे सागवानी खांब सुरूच्या झाडासारखे घडवलेत. आम्ही मुलांच्या हातात सुतळी, टेप आणि वही दिली. त्यांनी खण मोजले, पावलांनी चौक मोजला, नकाशा काढला. लाकडी खांब दगडाच्या तळखड्यावर का उभा करतात, असं आम्ही विचारलं. एक मुलगी म्हणाली, “जमिनीची ओल लाकडात चढू नये म्हणून.” चौकातून उजेड आत येतो आणि गरम हवा वर निघून जाते, हे तिथं उभं राहूनच कळलं.

मग राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिथला मस्तानी महाल मूळचा कोथरूडचा. तो उकलून आणून इथं पुन्हा उभारला. तिथल्या वस्तूंना हात लावायचा नाही, पण जोड डोळ्यांनी शोधता येतात. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला खाच, अशा जोडणीचं काम सुटं करून परत जोडता येतं. आपल्या गावात मात्र वाडा पाडला की कोरीव दार भंगाराच्या भावात जातं.

घरी आल्यावर प्रत्येकानं आपलं घर मोजलं. बऱ्याच वह्यांत एकच गोष्ट दिसली: चुलीपाशी खिडकी नाही. त्याच वेळी आमच्या एका ताईंचं घरकुल मंजूर झालं होतं. घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, स्वयंपाकाची जागा त्यातच. चुन्यानं आखणी चालू असताना त्यांच्या मुलीनं वही पुढं केली. दारासमोरच्या भिंतीत, चुलीच्या बाजूला खिडकी घ्या म्हणाली. गवंडीदादांनी आधी मान हलवली, मग टेप लावून पाहिला आणि मानलं. जागा तेवढीच राहिली, पण आता धूर घरात कोंडत नाही.

घर बांधताना आपल्याला बहुतेक वेळा रंग कुठला एवढंच विचारतात. मोजमाप येणाऱ्या मुलीला तेवढ्यावर गप्प बसवता येत नाही.

पुण्याला जाणार असाल तर वाड्याचा कुठला भाग बघायला खुला आहे, याची आधी चौकशी करा. लांब पडत असेल तर गावची चावडी, देऊळ, जुना वाडा आहेच. पुढच्या बैठकीला मुलांना आणि टेप घेऊन या.