परसबागेतली पहिली जुडी

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



परसबागेचा विषय निघाला की आपण लगेच पैसे मोजतो. भाजीचे किती वाचले, बाजारात किती जुड्या गेल्या. तो हिशोब हवाच. पण आज मला रक्ताचा हिशोब मांडायचाय.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे या सतरंजीवरच्या दहा जणींत पाच-सहा. चढ चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आपण म्हणतो, "कामाचा शीण आहे."

दारात शेवगा असला की पाला फुकट. माठ, राजगिरा, मेथीला दोन वाफे पुरतात. अळू तर न्हाणीच्या पाण्यावर येतं. भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा नको, तो लोह अडवतो; तासभर थांबा. आणि भाजी खाते म्हणून आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी बंद करायची नाही.

पण खरी अडचण बागेत नाही, ताटात आहे. कोवळी जुडी बाजारात जाते, उरलेली घरच्यांना वाढली जाते, आणि मावशी, तुम्ही शेवटी कढई पुसून भाकरी खाता. मग तुमचं रक्त वाढणार कसं? आठवड्यातली पहिली जुडी विकायची नाही. ती शिजवायची, आणि आपल्या वाट्याची भाजी आधीच वाटीत काढून ठेवायची. सासूबाई काय म्हणतील? त्यांचीही वाटी काढा. त्यांनीही जन्मभर कढईच पुसलीय.

आता मातीचं. दिवसभर दुसऱ्याच्या रानात वाकून खुरपणं वेगळं आणि आपल्या वाफ्यात मर्जीनं अर्धा तास बसणं वेगळं. त्यानं मन हलकं होतं, हे तुम्हाला मी काय सांगावं! मोबाईलवर फिरतं की मातीतल्या जंतूंनी माणूस आनंदी राहतो. ते प्रयोग उंदरांवरचे आहेत, हं.

माती रक्त खातेही. लोक उघड्यावर बसतात तिथल्या ओल्या मातीत आकडेकृमीच्या अळ्या असतात. त्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. म्हणून वाफ्यात जाताना चप्पल घालाच. जंताच्या गोळीचं उपकेंद्रात विचारा. गरोदर असाल तर तसं आधी सांगा. खुरपं लागलं तर हळद भरून बसू नका. धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणखतात असतात, नुसत्या गंजलेल्या खिळ्यावर नाही. जखम धुवा आणि इंजेक्शनला जा.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं, पद्मश्री मिळवली. आपण मूठभर बियांपासून सुरुवात करू. पुढच्या सभेला प्रत्येकीनं घरचं बी आणा आणि पुडीवर नाव लिहा. माठ आणि पोकळ्याचं बी मला अजून वेगळं ओळखता येत नाही.