ऐकलेला खेळ, पाहिलेला खेळ

वर्तमानपत्र शेवटच्या पानाकडून वाचावयास आरंभ करणारा वाचकांचा एक मोठा वर्ग आपल्या देशात आहे. मंत्रिमंडळे बदलोत, भाव चढोत, या वर्गाची दृष्टी प्रथम धावफलकाकडे जाते. तेथील क्षेमकुशल कळल्यावरच ती सावकाश, पाने उलटी परतवीत, जगाच्या कारभाराकडे वळते. या वर्गातील बहुसंख्य मंडळी स्वतः फारशी खेळलेली नसतात. शाळेच्या संघातला बारावा गडी, कचेरीच्या सामन्यात घेतलेला एखादा झेल, एवढीच त्यांची मर्दुमकी. परंतु आवड मात्र अस्सल असते. अशा गृहस्थाच्या घरी मुले असली, म्हणजे त्या आवडीला एक निराळेच वळण लागते. आपल्याला जे प्रिय झाले ते मुलांनाही प्रिय व्हावे, असे त्याला मनापासून वाटू लागते. ही इच्छा कशी पार पडते आणि कोठे अडखळते, हे पाहण्यासारखे असते.

आपल्या घरांतून ही आवड प्रथम आली ती कानावाटे. १९३४ साली मुंबईच्या चौरंगी सामन्याचे धावते वर्णन बॉबी तल्यारखान यांनी ध्वनिक्षेपकावरून केले, तेव्हा ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नावही जन्माला यावयाचे होते. ते १९३६ साली आले. तल्यारखान एकटेच बोलत. ध्वनिक्षेपकात दुसरा वाटेकरी त्यांना खपत नसे. दिवसभर एकाच कंठातून निघणाऱ्या त्या इंग्रजी वाणीतला प्रत्येक शब्द समजणारे श्रोते थोडेच असतील. परंतु आवाज चढला म्हणजे काही घडले आणि खाली आला म्हणजे काही बिघडले, एवढे कळावयास भाषा लागत नाही.

पुढे मराठीतून समालोचन होऊ लागले. बाळ ज. पंडित यांच्यासारखा, स्वतः रणजी सामने खेळलेला माणूस मराठीत बोलू लागला, आणि स्वयंपाकघरातल्या मंडळींनाही खेळ कळू लागला. या निमित्ताने मराठीने परक्या खेळाला जे शब्द दिले, त्यांचा थोडा विचार करण्याजोगा आहे. फलंदाज, गोलंदाज, षटक, यष्टी हे शब्द तर रुळलेच. पण गडी बाद होण्याचे जे प्रकार आहेत, त्यांना मराठीने पायचीत, धावचीत, यष्टिचीत अशी नावे दिली. यातला ‘चीत’ हा कुस्तीच्या आखाड्यातला. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली म्हणजे तो चीत झाला. विलायती हिरवळीवरचा खेळ आमच्या लोकांनी ऐकला तो लाल मातीच्या शब्दांतून, आणि म्हणूनच तो त्यांना परका वाटला नाही. ‘त्रिफळा उडाला’ हे ऐकून वैद्यबुवांच्या चूर्णाची आठवण होणारी मुलेही पुष्कळ असतील. तथापि तेवढ्याने शब्दाचे काही बिघडले नाही.

कानाने ऐकलेल्या खेळात ऐकणाऱ्यालाही काम असे. मैदान त्याने स्वतः आखावयाचे, गडी स्वतः उभे करावयाचे. १९४३ च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबर्न मैदानावर पंचरंगी स्पर्धेचा अंतिम सामना झाला. हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावा केल्या. त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. सांगलीत जन्मलेले आणि पुढे बडोद्याकडून खेळलेले विजय हजारे प्रतिपक्षात होते. त्यांच्या संघाचा पहिला डाव १३३ धावांत संपला. दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या आणि त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. सामना एक डाव आणि ६१ धावांनी गेलाच. जुन्या घरांतून ही हकीकत पुष्कळदा सांगितली जाते. परंतु त्या डावातले एक पात्र सांगणाऱ्यांच्या हातून बहुधा निसटते. हजाऱ्यांबरोबर त्यांचे बंधू विवेक उभे होते. दोघांच्या भागीदारीत ३०० धावा झाल्या, त्यांत विवेक यांच्या २१. पराभव समोर दिसत असताना भावाच्या बाजूने तासन्‌तास नुसते उभे राहणे हाही खेळच आहे, आणि कोणत्याही संक्षिप्त चित्रफितीत तो मावणार नाही.

पिढी बदलली तशी साधने बदलली. आजोबांनी १९७१ च्या ऑगस्टमधील ओव्हलचा विजय ट्रान्झिस्टरला कान लावून ऐकला. चंद्रशेखर यांचे ३८ धावांत ६ बळी आणि अजित वाडेकरांचा संघ विजयी, हे शब्द त्यांच्या कानात कायमचे राहिले. आज चाळिशीत असलेल्या त्यांच्या चिरंजिवाने १९९८ च्या एप्रिलमध्ये शारजाच्या वाळूच्या वादळानंतरचा सचिन तेंडुलकर यांचा १४३ धावांचा डाव दूरचित्रवाणीवर पाहिला. आता तोच चिरंजीव पिता झाला आहे, आणि त्याची तेरा-चौदा वर्षांची कन्या दिवाणखान्यातील मोठ्या पडद्याकडे पाठ करून हातातल्या लहान पडद्यावर खेळ पाहते.

पित्याची पहिली तक्रार येथूनच सुरू होते. मुलगी सामना पाहत नाही, सामन्याचे तुकडे पाहते. षटकार, त्रिफळा, जल्लोष, आणि लगेच दुसरा तुकडा. मधली निर्धाव षटके, पावसाची वाट पाहणे, पंचांनी चेंडू बदलणे, हे सारे गाळलेले. पित्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. खेळाचा कंटाळवाणा भाग हा खेळाचाच भाग आहे. किंबहुना हरणाऱ्या पक्षाशी प्रेक्षकाची खरी ओळख त्या भागातच होते. परंतु याच पित्याला कचेरीत बसून मिनिटामिनिटाला धावसंख्या पाहण्याची सवय आहे, हेही सांगितले पाहिजे. तुकड्यांचा दोष एकट्या मुलीच्या माथी मारता येणार नाही.

या बाप-लेकींमध्ये एका खेळीवरून नेहमी बोलणे होते. १८ जून १९८३ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताचे ५ गडी १७ धावांत बाद झाले होते. तेथून कपिल देव यांनी नाबाद १७५ धावा केल्या. सय्यद किरमाणी यांच्याबरोबर नवव्या गड्यासाठी अभंग १२६ धावांची भर घातली, संघाच्या २६६ झाल्या आणि सामना ३१ धावांनी जिंकला. सात दिवसांनी लॉर्ड्‌सवर विश्वचषक आला. पिता हे सारे रंगवून सांगतो. मुलगी म्हणते, “बाबा, ते दाखव ना.” आणि दाखविता येत नाही. त्या दिवशी त्या मैदानावर दूरचित्रवाणीचा कॅमेराच नव्हता. २०२१ साली निघालेल्या ‘८३’ या चित्रपटात तो डाव पुन्हा उभा केलेला आहे खरा. पण तेथे बॅट हातात घेतलेला आहे तो नट.

आता यातली गंमत अशी, की त्या वेळी हा पिता पाळण्यात असेल. त्याने तो डाव पाहिला नाही, ऐकलाही नाही. त्याच्या वडिलांनी त्याला सांगितला, तो तो सांगतो आहे. त्याच्या सांगण्यात कपिल देवांचे फटके दरवर्षी थोडे लांब जातात, हेही घरातल्यांच्या लक्षात आलेले आहे. ज्याची चित्रफीत नाही अशा खेळीवर सांगणाऱ्याचा हक्क राहतो. मुलीला मात्र हा हक्क पटत नाही. जे दिसत नाही ते झाले कशावरून, असा तिच्या पिढीचा प्रश्न आहे, आणि तो अगदीच अडाणी नाही.

पित्याने तिच्यासाठी आदर्श निवडून ठेवले होते: मर्चंट, हजारे, गावसकर, तेंडुलकर. तिने ते आदरपूर्वक बाजूला ठेवले आणि आपले स्वतः निवडले. ३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकण्यासाठी ३३९ धावा हव्या असताना जेमिमा रॉड्रिग्ज नाबाद १२७ धावा करून परतली, तेव्हा पित्याला आकडे महत्त्वाचे वाटले: महिलांच्या एकदिवसीय सामन्यांत एवढ्या धावांचा पाठलाग पूर्वी कोणीही यशस्वी केला नव्हता. मुलीला दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातून जेमिमाला वगळले होते. वगळलेली खेळाडू परत येते आणि असे खेळते, हे शाळेच्या संघाच्या यादीत आपले नाव शोधणाऱ्या मुलीला जितके कळते, तितके धावफलक वाचणाऱ्याला कळत नाही.

तीन दिवसांनी, २ नोव्हेंबरला, त्याच मैदानावर अंतिम सामना झाला. पावसामुळे खेळ उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला. शफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचे ५ बळी, हरमनप्रीत कौरने घेतलेला शेवटचा झेल, आणि दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनी विजय. त्या रात्री ही कन्या पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत पडद्यासमोरून हलली नाही. निर्धाव चेंडूही पाहिले, पावसाची वाटही पाहिली. पित्याच्या तक्रारीतील निम्मा भाग त्या रात्री गळून पडला. खेळ आपला वाटला म्हणजे मुले तो सबंध पाहतात. महिलांची विश्वचषक स्पर्धा १९७३ साली, म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेच्या दोन वर्षे आधी सुरू झाली, ही माहितीही कन्येनेच पुरविली. पन्नास वर्षे शेवटच्या पानावर कोणत्या बातमीला किती जागा मिळाली, हे ध्यानात घेता पित्याला ती ठाऊक नसल्याचे आश्चर्य वाटावयास नको.

येथपर्यंत सारे आनंदाचे आहे. खरी अडचण मैदानावर येते. मुलगी पाहते तशी खेळतेही, आणि तिची नववी इयत्ता सुरू झालेली आहे. गणिताच्या शिकवणीची वेळ सायंकाळी पाचची, मैदानाचीही पाचचीच. सांगलीच्या स्मृती मानधनाचे कौतुक करताना ज्याला शब्द पुरत नाहीत, नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हा ज्याने शेजाऱ्यांना पेढे वाटले, तोच पिता घरी येऊन म्हणतो, “एवढी दोन वर्षे जाऊ दे. दहावी झाली की खेळ हवे तितके.” दुसऱ्यांच्या मुलांनी खेळावे आणि आपण टाळ्या वाजवाव्यात, अशी ही वाटणी आहे. ती ढोंगाने झालेली नसते. भीतीने झालेली असते. खेळून पोट भरणारे हजारांत एखादे आणि शिकून पोट भरणारे पुष्कळ, हा हिशेब त्याला कोणी खोटा ठरवून दाखविलेला नाही.

शासनाने हा हिशेब थोडा सुकर करण्याचा यत्न केला आहे. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के जागा खेळाडूंसाठी राखीव आहेत. हेतू उत्तम आहे. पण त्याचा एक परिणाम असा, की काही पालक खेळाकडे गुणपत्रिकेच्या वाटेने पाहू लागतात. कोणत्या खेळात गर्दी कमी आणि प्रमाणपत्र लवकर, याची चौकशी करतात. शाळेला क्रीडांगण असावे, असे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेले आहे. मोठ्या शहरांतून ते क्रीडांगण कित्येकदा वाहने उभी करण्याच्या जागेएवढे असते. कुठे मैदान आहे तर वेळ नाही, कुठे वेळ आहे तर मैदान नाही.

१९५२ साली हेलसिंकीला कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक मिळवून आले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. त्यानंतर महाराष्ट्राला ऑलिंपिकमधले वैयक्तिक पदक मिळाले ते ७२ वर्षांनी, २०२४ मध्ये पॅरिसला, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांच्या नेमबाजीमुळे. या ७२ वर्षांत प्रेक्षकांची कमतरता कधीच पडली नाही. दुसऱ्याच्या मुलासाठी घर गहाण ठेवणारे दुर्मिळ असणारच; प्रश्न इतकाच होता, की स्वतःच्या मुलीसाठी सायंकाळचा एक तास किती घरांना सोडविता येईल.

हा तिढा पुष्कळ घरांत सोडविते ती खेळाचे पान कधीही न उघडणारी आई. पायचीत म्हणजे काय हे तिला आजही नीट सांगता येणार नाही. परंतु मुलगी मैदानावरून आली की पोटभर जेवते आणि पडल्यापडल्या झोपते, आणि न गेलेल्या दिवशी अकरापर्यंत भावंडांशी भांडते, हे तिने पाहिलेले असते. ती शिकवणीच्या बाईंना दूरध्वनी करते, वेळ सातची करून घेते, आणि आवळू लागलेल्या बुटांच्या जागी एक माप मोठे बूट आणावयास पित्याला बाजारात पाठविते. मुलीला मैदानावरून शिकवणीला नेण्याचे कामही ओघानेच त्याच्याकडे येते.

मग सायंकाळी साडेसहाच्या सुमारास तो कुंपणापाशी येऊन उभा राहतो. तेथे समालोचक नसतो, धावफलक नसतो. उजेड कमी झालेला असतो आणि लांबून कोण फलंदाजी करते आहे हे ओळखू येत नाही. सारी विक्रमांची पुस्तके पाठ असलेल्या या गृहस्थाला किती धावा झाल्या आणि किती गडी बाद झाले, हे कुंपणावर बसलेल्या एखाद्या मुलाला विचारावे लागते.