नवा संगणक वारंवार बंद पडतो तेव्हा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व आणि समाजाची प्रगती यांवर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मला दिलेला विषय त्या मानाने अगदी लहान, जवळजवळ दुरुस्तीच्या दुकानातला आहे. घरात आणलेला नवा संगणक दिवसातून दोन-दोन, चार-चार वेळा बंद पडू लागला तर काय करावे? विषय लहान असला तरी त्यात अडकलेली रक्कम लहान नसते, आणि रकमेहून मोठी गोष्टही त्यात अडकलेली असते.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरात संगणक प्रथमच येतो. कोणी भिशीचे पैसे उचलतो, कोणाचा भाऊ आखातातून रक्कम पाठवतो. यंत्र घरी येते, शेजारीपाजारी पाहून जातात, आणि दहा-पंधरा दिवसांत पडदा एकाएकी निळा होऊन यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एकदा झाले, दोनदा झाले. मग घरात पहिला प्रश्न यंत्राला विचारला जात नाही, मुलाला विचारला जातो : “तू काय केलंस?” मुलगी असेल तर हा प्रश्न आणखी लवकर विचारला जातो.

या प्रश्नाच्या मुळाशी एक समजूत आहे. वस्तू नवी आहे, म्हणजे ती चांगलीच असणार. बिघडली असेल तर वापरणाऱ्याने बिघडवली. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत ही समजूत खरी नाही. अशा वस्तूंच्या बिघाडांचा आलेख काढला तर तो न्हाणीघरातल्या टबाच्या आकाराचा येतो, असे अभियंते शिकवतात. सुरुवातीला बिघाड जास्त, मग बराच काळ कमी, आणि वय झाल्यावर पुन्हा जास्त. कारखान्यात राहून गेलेला दोष पहिल्या काही आठवड्यांतच डोके वर काढतो. तेव्हा यंत्र नवे आहे हे ते निर्दोष असल्याचा पुरावा मानू नये. उलट, नव्या यंत्राकडे पहिल्या महिन्यात अधिक बारकाईने पाहावे.

माझ्याकडे आलेली एक विद्यार्थिनी सांगतो. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती, वडील टेम्पो चालवीत. दुकानात सुटे भाग जुळवून तयार केलेला संगणक घेतला होता. तीन आठवड्यांत दुकानदाराने तीन वेळा ‘फॉरमॅट मारून’ दिला आणि प्रत्येक वेळी सांगितले, “व्हायरस आला होता, मुलं काहीबाही डाउनलोड करतात.” दोन वेळा तिचे प्रकल्पाचे काम पुसले गेले. माझ्याकडे बापलेक आले तेव्हा मुलगी बोलतच नव्हती. मी विचारले, बंद पडतो तेव्हा काय करीत असतेस? तर माझ्याकडे न पाहता वडिलांकडे पाहून म्हणाली, “अब्बा, मी खरंच काही केलं नाही.” नंतर कळले, की गेले आठ दिवस तिने यंत्राला हातच लावला नव्हता. विषय लहान नाही म्हणालो तो यासाठी.

आता त्या ‘फॉरमॅट’विषयी. विंडोज नव्याने घालणे हा उपाय चुकीचा नाही. बिघाड एखाद्या प्रोग्रॅममध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये असेल तर तो उपयोगी पडतो. पण कोरे विंडोज घातले, बाहेरचे काही टाकले नाही, आणि तरीही यंत्र पूर्वीसारखेच कोसळले, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरमध्ये नाही, यंत्राच्या अवयवात आहे. म्हणजे दुसऱ्या फॉरमॅटची गरजच नव्हती. शिवाय फॉरमॅटने कामासोबत पुरावाही पुसला जातो. यंत्र कोसळताना विंडोज त्याची नोंद आपल्याजवळ ठेवते. ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ असे शोधपट्टीत लिहिले तर कोणत्या दिवशी काय कोसळले ते तारीखवार दिसते. दुकानदार दर वेळी हे दप्तरच जाळून टाकतो आणि मग म्हणतो, कारण सापडत नाही.

म्हणून पहिले काम म्हणजे एक वही घालणे. तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होते, पडद्यावर काय दिसले, वीज गेली-आली होती का, यंत्र किती वेळ चालू होते, एवढे लिहावे. ही सवय संगणकाइतकीच जुनी आहे. १९४७ साली ९ सप्टेंबरला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क दोन’ नावाचे खोलीभर पसरलेले गणकयंत्र अडले. शोध घेता एका रिलेत पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो काढून नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ लिहिली. ती वही आज तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पतंगाची गोष्ट सगळे सांगतात, पण वही रोज भरली जात होती म्हणून ती गोष्ट उरली, हे कोणी सांगत नाही.

वहीत काय पाहायचे? कोसळण्याचे साधारण तीन प्रकार आहेत. पडद्यावर संदेश आणि इंग्रजी अक्षरांतले कारण येते, हा पहिला. हा पडदा वर्षानुवर्षे निळा होता. २०२५ पासून विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत तो काळा झाला आहे. पडदा पाहून घाबरू नये. काही गंभीर चुकले हे ओळखून विंडोजने माहिती आणखी बिघडू नये म्हणून स्वतःहून काम थांबवलेले असते. ते कारण मोबाइलने टिपून घ्यावे. दुसरा प्रकार म्हणजे काही न सांगता, दिवा गेल्यासारखे यंत्र बंद होणे. तिथे संशय आधी वीजपुरवठ्यावर आणि उष्णतेवर जातो. तिसरा म्हणजे चित्र जागच्या जागी गोठणे, ज्याला आपण हँग होणे म्हणतो. जाता जाता एक सांगतो. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल पॉवर ४१’ असे दिसले की पुष्कळ लोक लगेच एसएमपीएस बदलायला धावतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की यंत्र रीतसर बंद न होता बंद पडले. का पडले, ते ती नोंद सांगत नाही.

त्या मुलीने नऊ दिवस वही लिहिली. अक्षर सुरेख होते. चौदा नोंदी झाल्या, आणि त्या वाचताच दोन गोष्टी दिसल्या. एक, यंत्र कोसळण्याचा कामाशी संबंध नव्हता. नुसते लिखाण चालू असतानाही ते कोसळे. दुसरी, दर वेळी कारण वेगळे. आज ‘मेमरी मॅनेजमेंट’, उद्या ‘पेज फॉल्ट’, परवा तिसरेच. दोष एखाद्या ड्रायव्हरमध्ये असला तर तेच ते नाव पुन्हा पुन्हा येण्याचा संभव अधिक. दर वेळी भलतेच नाव येऊ लागले, की रॅमकडे पाहावे. सगळेच प्रोग्रॅम रॅमवर उभे असतात. पायाखालची फरशी हलते तेव्हा त्या क्षणी जो वर उभा असेल तो पडतो आणि नाव त्याचे लागते.

रॅम तपासण्याची सोय विंडोजमध्येच ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ या नावाने आहे. तिच्यात दोष निघाला नाही म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही. ‘मेमटेस्ट ८६’ हा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चालवणे अधिक भरवशाचे. त्यात एक जरी चूक निघाली तरी ती पुरे आहे. हिशेबाच्या वहीत एखादी चूक खपेल, रॅममध्ये खपत नाही.

तिच्या यंत्रात रात्रभरात चुका निघाल्या. पण एवढ्यावर रॅम खराब असा निकाल द्यायचा नाही. रॅम तिच्या मूळ वेगाहून जास्त वेगाने चालवणारी एक सेटिंग बायोसमध्ये असते. इंटेलच्या यंत्रांत तिला एक्सएमपी म्हणतात, एएमडीच्या नव्या यंत्रांत एक्स्पो. डब्यावर ६००० लिहिलेली डीडीआर-५ रॅम ही सेटिंग बंद असता बहुधा ४८०० वर चालते. दुकानदार ती चालू करून देतो, आणि प्रत्येक जुळणीला तो वेग झेपतोच असे नाही. म्हणून आधी एवढीच एक गोष्ट बदलली : ती सेटिंग बंद केली. यंत्र तरीही कोसळले. मग यंत्र बंद करून, वीजतार काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवली आणि दोन पट्ट्यांपैकी एक काढली. दोन दिवस एकदाही बंद पडले नाही. ती काढून दुसरी लावली, चाळीस मिनिटांत कोसळले.

इथे बहुतेक जण थांबतात. मुलगी थांबली नाही, आणि मला तिचे फार कौतुक वाटले. ती म्हणाली, “सर, पण ही दुसऱ्या खाचेत होती. खाच खराब असली तर?” बरोबर आहे! मग संशयित पट्टी पहिल्या खाचेत लावली, तिथेही कोसळले. चांगली पट्टी दुसऱ्या खाचेत लावली, सुरळीत चालली. दोष पट्टीबरोबर फिरला, खाचेपाशी राहिला नाही. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या असत्या तर हे कधीच कळले नसते. (डीडीआर-५ असलेल्या यंत्रात पट्टी काढल्यावर प्रथम सुरू होताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. तेवढा वेळ थांबावे, बटणे दाबीत बसू नये.)

दर वेळी दोषी रॅमच असते असे नाही. नव्या यंत्रात पंख्याची तार लावायची राहिलेली असते. प्रोसेसरवरच्या कूलरखालचे संरक्षक प्लास्टिक न काढताच तो बसवलेला असतो. अशा वेळी यंत्र तापून बंद पडते, आणि ते हलक्या कामापेक्षा जड कामात लवकर पडते. घरच्या विजेचेही पाहावे. कॅबिनेटला हात लावता मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तो धोका संगणकापेक्षा माणसाला अधिक आहे. आणि यूपीएसवरचा ६०० हा आकडा वॉटचा नसतो, व्हीएचा असतो. असा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो.

सॉफ्टवेअरही निर्दोष नसते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रोग्रॅमचे एक सदोष अपडेट गेले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे निळी पडली. त्यांपैकी एकाही यंत्राच्या मालकाने काही ‘केले’ नव्हते.

आणि प्रोसेसर कधी बिघडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांचे प्रकरण लक्षात ठेवावे. त्यांतले पुष्कळ प्रोसेसर काही महिन्यांच्या वापरानंतर अस्थिर होऊ लागले. गेम सुरू करताच ‘ग्राफिक्सची मेमरी संपली’ असा संदेश येई. लोकांनी चांगली ग्राफिक्स कार्डे बदलली, विंडोज पुन्हा पुन्हा घातले. २०२४ च्या जुलैमध्ये कंपनीने सांगितले, की प्रोसेसर गरजेहून जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टपासून त्यावर बायोसद्वारे दुरुस्ती आली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. मात्र झालेली इजा त्या दुरुस्तीने भरून येत नाही. तिथे प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो. संदेशात ज्याचे नाव होते, तो यात गुन्हेगार नव्हताच.

आता पालकांसाठी व्यवहाराच्या चार गोष्टी. “बिल नको म्हणा, कर वाचेल,” असे दुकानदार म्हणाला तर ऐकू नका. पक्के बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्या. जुळवलेल्या यंत्रात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. कॅबिनेटवर दुकानाचे सील असेल तर ते आपण फोडू नका. वही दाखवून दुकानातच आपल्यासमोर उघडायला लावा. तक्रार तोंडी करू नका. लेखी द्या, तारखेसह पोच घ्या. त्या मुलीच्या वडिलांनी वहीची नक्कल काउंटरवर ठेवली, तेव्हा व्हायरसची गोष्ट निघाली नाही; पाच दिवसांत पट्टी बदलून मिळाली. न मिळाल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जाता येते, आणि वस्तूची दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाही.

यंत्र दुकानात सोडायची वेळ आलीच, तर त्याआधी मुलांचे काम दुसरीकडे उतरवून घ्या, घरातले फोटो व कागदपत्रे पुसा, चालू ठेवलेली खाती बंद करा. जमल्यास डिस्क काढून घरीच ठेवा. रॅम, पंखा किंवा एसएमपीएस तपासायला दुकानदाराला तुमची डिस्क लागत नाही. “डिस्कशिवाय चालणार नाही,” असे कोणी म्हणालेच, तर का लागते ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत काउंटरवरून हलू नका.