वारकरी आणि माझा कॅमेरा

कोजागिरी उलटली, पहाटे अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटू लागलं, की माझी पावलं नांदूर-मधमेश्वरच्या वाटेला लागतात. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीत बंधारा घातला गेला. पुढे गाळ साचला, बेटं झाली, पाणकणीस माजलं. जलाशय उथळ झाला तसा पाखरांना तो मानवला. १९८६ साली तिथं अभयारण्य झालं, आणि रामसर यादीतलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ म्हणून २०२० साली त्याचं नाव जाहीर झालं.

सकाळी उगवत्या सूर्याकडे पाठ राहील अशा काठानं चालावं. नाहीतर फोटोत पाखरू नुसतं काळं येतं. थापट्या बदक रुंद चोच पाण्यावर फिरवीत हिंडतं, शेकाट्या लाल काड्यांसारख्या पायांवर तोल सावरीत असतो. आणि वारकरी! काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. नाव कुणी ठेवलं असेल ते असो, चपखल ठेवलं.

पहिल्या वर्षी मला हे बसलेले पक्षी पुरेनात. उडता थवा हवा होता. बरोबरच्या विद्यार्थ्याला म्हटलं, "वाजव रे टाळ्या!" शेकडो वारकरी पाण्यावर धावत सुटले. या पक्ष्याला जागच्या जागी उठता येत नाही; पाण्यावर धावत जाऊन मगच तो हवेत चढतो. फोटो मात्र झकास आला.

बांधावर एक म्हातारे शेतकरी उभे होते. म्हणाले, "झाला का फोटू, गुरुजी?"

"झाला की, बाबा."

"मंग आता बोलवा त्यांना माघारी. न्याहारीवरनं उठवलंत."

मी हसलो. पण नऊ वाजेपर्यंत थांबलो, आणि त्या काठाला एकही पाखरू परतलं नाही. यातली कितीतरी बदकं हिमालयापलीकडून, मध्य आशिया-सायबेरियातून येतात. अंगातली चरबी वाटेत खर्चून आलेली असतात. इथं ती भरून काढायची, तर आम्ही टाळ्या पिटून पुन्हा खर्चायला लावतो! बरं, शिकवणाराच टाळ्या वाजवायला सांगतो म्हटल्यावर पोरानं काय शिकावं?

तो फोटो वर्गात लावला आहे. तो कसा मिळाला, हेही खाली लिहिलं आहे. मुलं आधी चित्र बघतात, मग वाचतात, मग माझ्याकडे बघतात.

आता मातकट कपडे घालून पाणकणसाच्या आड अर्धा-पाऊण तास बसतो. चरणाऱ्या पाखरानं मान ताठ केली आणि चरणं थांबवलं, की आपण फार जवळ आलो असं समजून हळूच मागं सरावं. गेल्या कार्तिकात एक वारकरी चरत चरत आपणहून दहा-बारा हातांवर आला. उजेड कमी होता, फोटो हलला. शेजारी बसलेल्या मुलीनं वहीत तारीख, वेळ लिहिली आणि पुढं लिहिलं, "उडाला नाही."