शोकेसमधली पुस्तकं खाली काढा

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीनं मला ‘माझी आवडती पुस्तकं’ असा विषय दिला आणि अट घातली की कथा-कादंबऱ्या नकोत, खरं घडलेलं सांगणारी पुस्तकं सांगा. मी साहित्यिक नाही. नोकरीच्या काळात लोकलमध्ये उभ्यानं जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं, तेवढीच माझी पुंजी. त्यामुळं मोठी यादी देणार नाही. चार-पाच पुस्तकांबद्दल बोलेन, पण मनापासून.

आपण 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो. अभिवादन झालं की शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर गर्दी करतो. पिशव्या भरभरून पुस्तकं आणतो. एवढी पुस्तकं विकत घेणारा समाज क्वचितच सापडेल आणि त्याचा मला अभिमान आहे. पण पुढं काय होतं? पुस्तक शोकेसमध्ये जातं, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट. बाजूला बाबासाहेबांचा अर्धपुतळा, मधे टी.व्ही. पाहुणे आले की पुस्तक दिसतं, आणि आपल्याला तेवढं पुरतं.

तर पहिलं पुस्तक अगदी लहान सांगतो. बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. त्यांनी ते इंग्रजीत लिहिलं, हयातीत छापलं गेलं नाही. 1990 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं पुस्तिका म्हणून काढलं, आणि महाराष्ट्र शासनाच्या बाराव्या खंडातही ते आहे. एका बैठकीत वाचून होतं. भाग सहा आहेत. काही प्रसंग त्यांच्यावर गुदरलेले, काही दुसऱ्यांवर.

पहिला प्रसंग सुमारे 1901 सालचा. वडील गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर. साताऱ्याहून मुलं त्यांना भेटायला निघतात, नवे कपडे घालून. मसूर स्टेशनावर उतरतात, न्यायला कुणी आलेलं नसतं. जात कळल्यावर एकही गाडीवान तयार होत नाही. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल होतो, पण मुलांनी गाडी हाकायची आणि तो बाजूनं चालणार. जवळ जेवणाचा डबा आहे, पण प्यायला पाणी नाही, म्हणून मुलं उपाशी झोपतात. आपल्या नळाला पाणी येतं तेव्हा हे पान एकदा घरात मोठ्यानं वाचा.

पण मला त्याहून जास्त आवडतो तो चाळीसगावचा प्रसंग, 1929 सालचा. बाबासाहेब तेव्हा सरकारी समितीचे सभासद म्हणून खानदेशात गेले होते. आपल्या लोकांनी आग्रह करून त्यांना उतरवून घेतलं. टांगेवाले महाराला टांग्यात बसवून हाकायला तयार नव्हते. पाहुण्याला पायी नेणं वस्तीला मान्य नव्हतं. मग त्यांनी टांगा भाड्यानं घेतला आणि ज्यानं कधी टांगा हाकला नव्हता असा आपलाच एक माणूस पुढं बसवला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. आता बघा, ते वस्तीवर चिडत नाहीत. पाहुण्याच्या जिवापेक्षा त्याचा मान या लोकांना मोठा वाटला, एवढंच शांतपणे नोंदवतात. हा शांतपणा मला भाषणांतल्या गर्जनेपेक्षा जास्त हलवून जातो.

आपली मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, मराठी वाचत नाहीत, अशी तक्रार घराघरात आहे. या पुस्तकापुरती ती तक्रार बाजूला ठेवा. मूळच इंग्रजी आहे आणि इंग्रजी सोपी आहे. नातवानं वाचावं आणि आजीला मराठीत सांगावं. मग कुणी कुणाला शिकवलं याचा हिशेब नंतर मांडू.

आता जरा अवघड गोष्ट. मागं एका ताईंना मी दया पवारांचं ‘बलुतं’ वाचायला सुचवलं. त्या म्हणाल्या, “काका, ते आमच्या पोरीच्या हाती नको. तिच्या मैत्रिणी सगळ्या वरच्या घरातल्या. आपली घाण आपणच कशाला उघडी करायची?” ताई समंजस आहेत, पदवीधर आहेत. त्यांना मी हसलो नाही, आणि तुम्हीही हसू नका, कारण हाच प्रश्न 1978 साली ‘बलुतं’ आलं तेव्हा आपल्याच शिकलेल्या माणसांनी विचारला होता. त्या पुस्तकात नगर जिल्ह्यातलं गाव आहे, मुंबईतला कावाखाना आहे, दारू आहे, भूक आहे, आईचे कष्ट आहेत. लेखकानं स्वतःलाही सोडलेलं नाही. दगडू पवार आणि दया पवार, म्हणजे गावकुसाबाहेरचा पोरगा आणि शिकलेला नोकरदार, एकमेकांशी बोलतात अशी त्याची मांडणी आहे. आपल्यापैकी किती जणांच्या अंगात असे दोन माणसं राहतात! ऑफिसात एक, घरी एक. आडनाव विचारलं की आवाज खाली जाणारा एक, आणि 14 एप्रिलला मिरवणुकीत नाचणारा एक.

ताईंना मी एवढंच म्हणालो की ती घाण आपण केलेली नाही. ज्यांनी केली त्यांना लाज वाटू द्या. मात्र वयाचा विचार करावा हे मला मान्य आहे. ‘बलुतं’ दहावीनंतर द्या, आणि देण्याआधी स्वतः वाचा. जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 2015 साली आला आहे, तेव्हा त्या मैत्रिणींनाही वाचायला देता येईल.

बायकांसाठी, आणि खरं म्हणजे पुरुषांसाठी जास्त, बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. पुडे बांधायला रद्दी यायची, ती त्या वाचायच्या. गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या आणि वह्या लपवून ठेवायच्या. सुमारे वीस वर्षं त्यांनी नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून हे लेखन लपवलं. फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन या अभ्यासक बाईंनी प्रोत्साहन दिलं, 1982 साली ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः आलं आणि 1986 साली पुस्तक झालं.

त्यात वीरगावच्या महारवाड्याचं चित्र आहे. आषाढातलं सणासुदीचं वातावरण आहे, बाळंतिणीचे हाल आहेत, आणि खोडा आहे. सासरच्या जाचानं पळून गेलेल्या कोवळ्या सुनेला धरून आणायचं आणि तिच्या पायात लाकडाचा जाड ओंडका अडकवायचा. तो ओढत तिनं घरातलं काम करायचं, पाय रक्तबंबाळ होईपर्यंत. हे कुणी पाटलानं केलेलं नाही, आपल्याच घरात झालेलं आहे. गावानं आपल्याला दाबलं आणि आपण सुनेला दाबलं, असा हिशेब बेबीताई कुणाचीही भीड न ठेवता मांडतात. म्हणून हे पुस्तक मला सगळ्यांत मोठं वाटतं. आणि भाषा? अस्सल महारवाड्याची. मनात वाचू नका, मोठ्यानं वाचा. काही शब्द अडतील. ते आजीला विचारा, तिला माहीत असतात.

याच्याच जोडीला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’, 1989 सालचं. चळवळीत असलेल्या बायकांच्या मुलाखती या दोघींनी गोळा केल्या. 20 जुलै 1942 ला नागपूरला अस्पृश्य महिलांची परिषद भरली होती, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, हे आपल्या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे? फोटोत मागच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांना या पुस्तकानं नावं दिली.

चरित्र वाचायचं तर सुरुवात धनंजय कीरांपासून करा. एकाच ग्रंथात सगळा काळ येतो. चांगदेव खैरमोडे यांचे बारा खंड म्हणजे कागदपत्रांची खाणच आहे. पहिला खंड 1952 चा. बाबासाहेब हयात असताना त्यांनी कामाला सुरुवात केली आणि 1971 साली ते गेले तोवर काम चालूच होतं. पण लहान मुलाच्या हाती एकदम खंड देऊ नका, तो पुस्तकालाच घाबरेल. वसंत मून यांचं ‘वस्ती’ मात्र द्या. नागपूरच्या वस्तीतलं बालपण, समता सैनिक दलाची पोरं, आणि 1956 चं धर्मांतर. मुलं आवडीनं वाचतात.

शेवटचं पुस्तक जरा जुनं आहे. धर्मानंद कोसंबी यांचं ‘निवेदन’, 1924 सालचं. गोव्यातला एक तरुण ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचतो, आणि बुद्धाची शिकवण शोधायला 1899 साली घर सोडतो. काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकतो, नेपाळ, बोधगया करत सिंहलद्वीपाला पोचतो आणि पाली शिकतो. घरी बायको आणि तान्ही मुलगी होती. त्या माउलीनं काय सोसलं असेल, हा प्रश्न वाचताना माझ्या मनातून जात नाही. तरीही आपण रोज पालीत त्रिसरण-पंचशील म्हणतो, तेव्हा ती भाषा शिकायला एका मराठी माणसाला किती पायपीट करावी लागली हे मुलांना कळायला हवं.

समितीला माझी एक विनंती आहे. विहारातलं पुस्तकांचं कपाट कुलूपबंद असतं आणि किल्ली कार्यवाहांच्या घरी असते. रविवारी वंदना झाल्यावर एक तास ते उघडा. देवघेवीची वही दहावीतल्या दोन मुलींकडे द्या. पुस्तक हरवलं तर हरवलं, कुणाच्या तरी घरातच असेल. आणि पहिल्या रविवारी ‘जिणं आमुचं’ची दहा पानं मोठ्यानं वाचायची जबाबदारी मी घेतो. माझ्या उच्चारांत चूक झाली तर समोर बसलेल्या आज्यांनी तिथल्या तिथं दुरुस्त करावी.

जयभीम! नमो बुद्धाय!